‘आधी काय होतं?’ असे विचारणाऱ्या डॉक्टर यमुनाबाई

डॉ. यमुनाबाई पानवलकर यांना मी प्रथम पाहिले ते भोरच्या गुरांच्या दवाखान्यात. माझी तिथे नुकतीच नेमणूक झाली होती. संस्थान विलीन झाल्याला फार दिवस झाले नव्हते. दवाखान्यावरची जुनी पाटी उतरली होती आणि नवी अजून यायची होती. सकाळची बैलांची गर्दी ओसरल्यावर पन्नाशीला टेकलेल्या, पांढरी सुती साडी नेसलेल्या एक बाई छत्री मिटवत आत आल्या. बरोबर जनावर नव्हते. मी खुर्ची पुढे केली, पण त्या बसल्या नाहीत.

“एकाच जागी गोल गोल फिरणारी मेंढी तुमच्याकडे कधी येते का?” त्यांनी विचारले.

अधूनमधून येते, असे मी सांगितले.

“मग पुढची येईल आणि ती वाचण्यासारखी नसेल, तेव्हा तिचं डोकं मला हवंय.”

डोके मागायला आलेले माणूस मी त्यापूर्वी पाहिले नव्हते, आणि पुढेही पाहिले नाही. माझा चेहरा बघून त्या हसल्या आणि मग खुर्चीवर बसल्या. आपण माणसांच्या डॉक्टर आहोत, मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत होतो, मज्जातंतूंवर काम करत होतो, आता भोरलाच राहणार आहोत, असे त्यांनी थोडक्यात सांगितले. प्रयोगशाळा मागे राहिली, पण प्रश्न काही मागे राहिला नाही, असेही म्हणाल्या. मेंदूतल्या कोणत्या भागाला धक्का लागला म्हणजे प्राण्याचे वागणे कसे बदलते, हा तो प्रश्न. त्यासाठी प्रयोग करायला साधने नव्हती. मग आजारानेच जे करून ठेवले असेल ते नीट पाहावे, असे त्यांनी ठरवले होते.

बाई भोरला का आल्या हे या गौरवग्रंथाच्या बहुतेक वाचकांना ठाऊक असेल, तरी तरुण मंडळींसाठी सांगतो. त्यांचे थोरले बंधू नाना संस्थानच्या कचेरीत होते. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. घरी दुसरे कोणी नव्हते. बाईंनी महाविद्यालयाचा राजीनामा दिला आणि त्या आल्या. नानांना सगळे समजत असे, पण साधा ‘पाणी’ हा शब्द तोंडातून निघत नसे. मग ते रागाने तांब्या ढकलून देत. मात्र संध्याकाळी आरती सुरू झाली की तेच नाना सगळी कडवी न अडखळता म्हणत. येणारे-जाणारे याला देवाची लीला म्हणत. बाई त्यांना कधी खोडून काढीत नसत, पण स्वतः विचार करीत. बोलण्याची वाट बुजली आहे, गाण्याची वाट वेगळी आहे आणि ती शिल्लक आहे, असे त्या मला म्हणाल्या. ‘पाणी द्या हो’ एवढे शब्द त्यांनी आरतीच्या चालीवर बसवले आणि रोज नानांचा डावा हात आपल्या हातात घेऊन, त्यावर ताल देत, ते गाऊन घेऊ लागल्या. एका दुपारी मी त्यांच्या ओसरीवर बसलो असता आतून घोगऱ्या आवाजात ते तीन शब्द सुरात ऐकू आले. बाई उठल्या, पाणी देऊन आल्या, आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरलेले मी तेव्हा पाहिले. नाना पुढे काही वर्षे जगले, आणि लागेल ते गाऊन मागत राहिले.

मेंढीचे डोके मात्र लौकर मिळाले नाही. पाऊस उघडल्यावर पासली गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका धनगरवाड्यावरून निरोप आला. धोंडिबा मरगळे या मेंढपाळाची एक मेंढी फिरायला लागली होती. मी बाईंना कळवले. त्या दुसऱ्याच सकाळी पिशवी घेऊन गाडीतळावर हजर होत्या. वेल्ह्यापर्यंत एस.टी. आणि पुढे पायवाट, असा तो प्रवास होता. बाईंना चढण अजिबात झेपत नसे आणि ते त्या कबूलही करत नसत. दम लागला की थांबून एखाद्या झाडाची चौकशी करीत. मला झाडांची नावे येत नसत, त्यामुळे त्यांना हवा तेवढा वेळ मिळे.

वाड्यावर पोचलो तेव्हा मेंढी अंगणाच्या कोपऱ्यात होती. मान डावीकडे कललेली, आणि ती सारखी डावीकडेच वळत होती. जमिनीवर तिच्या खुरांनी एक वाटोळी पायवाट पडली होती. धोंडिबाने सांगितले की वारे शिरले आहे. खाणे सुटले आहे. बाई तिथेच उकिडव्या बसल्या. दुपार कलेपर्यंत त्या मेंढीकडे बघत होत्या. चारा डावीकडून दाखव, उजवीकडून दाखव, एक डोळा झाक, दुसरा झाक, असे त्यांचे चालले होते. शेवटी म्हणाल्या, मेंदूत फोड आहे, तो डाव्या बाजूला असावा, फार खोल नसावा. मेंढी वाचणार नव्हती हे मलाही दिसत होते. धोंडिबाच्या संमतीने तिला मारले आणि मी कवटी उघडली. डाव्या बाजूला लिंबाएवढी, पाण्याने भरलेली पातळ पिशवी होती. तिने मेंदूचा तेवढा भाग दाबून पार पातळ करून टाकला होता.

धोंडिबा वाकून बघत होता. साठीचा, अंगाने काटक, कमी बोलणारा माणूस. त्याने बोटाने त्या पिशवीला स्पर्श केला.

“येवढ्या पाण्यानं मेंढीची चाल फिरली?”

“चाल डोक्यातूनच निघते, मामा,” बाई म्हणाल्या. “पाय नुसते ऐकतात.”

मग त्यांनी त्याला ही पिशवी कुठून येते ते समजावले. कुत्र्याच्या पोटातल्या कृमीची अंडी गवतावर पडतात, ती मेंढी खाते, आणि अशा मेंढीचे डोके कुत्र्याने खाल्ले की फेरा पुन्हा सुरू होतो. डोके कुत्र्यांना टाकू नका, खोल पुरा, असे सांगितले. त्याने मान डोलावली. आम्ही हात धुतले, चहा झाला, उठायची वेळ झाली. बाईंनी पिशवी उचलली तरी धोंडिबा वाटेतून हलेना. त्याची नजर खाली होती.

“बाई,” तो म्हणाला, “आमच्या सुनंचं बी असंच काय असंल का?”

घरातून त्याची बायको ठकूबाई एकदम बाहेर आली आणि नवऱ्याला गप्प बसायला सांगू लागली. घरातली गोष्ट परक्यांपुढे काढल्याचा तिला राग आला होता. पण गोष्ट निघालीच होती. सून हौसा, माहेर गुंजवण्याकडचे. नवरा दिवसभर मेंढरांमागे रानात, आणि तान्हा मुलगा होता. बाळंतपणाच्या आधीपासून तिला ‘होत’ असे. काम करता करता ती थांबे, तोंड चघळल्यासारखे हलवी, हातांनी पदर चाचपत राही, हाक मारली तर ओ देत नसे, आणि उठून कुठेतरी चालू लागे. थोड्या वेळाने भानावर येई. एकदा अशाच वेळी तिने मूल चुलीच्या अगदी कडेला ठेवले होते. ठकूबाईने धावत जाऊन उचलले म्हणून ते वाचले. देवऋषी झाला. बाहेरचे आहे, झाडाच्या ओल्या फांदीने झोडपल्याशिवाय सोडणार नाही, असे त्याने सांगितले. ठकूबाई ते करत होती. तरी फरक नाही. दिवाळीनंतर हौसाला माहेरी पोचवायचे आणि मूल इथेच ठेवायचे, असे घरात ठरले होते.

बाईंनी पिशवी खाली ठेवली. हौसाला बाहेर बोलावले. विशीतली पोर, दंडावर वळ, मान खाली. बाईंनी तिला शेजारी बसवले. काय होते, किती वेळ होते, हे काही विचारले नाही.

“आधी काय होतं?” त्यांनी विचारले. “व्हायच्या आधी.”

हौसाने मान वर केली. हा प्रश्न तिला तोवर कोणी केला नसावा. ती सासूकडे बघून हळूच म्हणाली, “जळक्या लोकरीचा वास येतो. मग पोटातून काय तरी वर येतं. मग मला ठावं न्हाई.”

“वास दुसऱ्या कुणाला येतो?”

“न्हाई. म्या ह्यांना इचारलं हुतं. त्यांना येत न्हाई.”

बाईंच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आले ते मला अजून आठवते. हरवलेली वस्तू सापडावी तसे ते होते. त्या काळात परदेशात काही शल्यचिकित्सक रुग्ण जागा असताना मेंदूवर शस्त्रक्रिया करीत, आणि कानाच्या वरच्या अंगाला असलेल्या मेंदूच्या भागाला विजेचा बारीक स्पर्श केला की रुग्णाला कधी नसलेला वास येई, कधी जुनी गोष्ट समोर दिसे. ती मासिके बाईंकडे कित्येक महिन्यांनी, बोटीने येत. त्यांतले त्या मला वाचून दाखवीत असत. आता तीच गोष्ट डोंगरातली एक मुलगी स्वतःच्या शब्दांत सांगत होती.

“मग वास खोटा हाय?” हौसाने विचारले.

“तुला येतो तो खराच येतो. बाहेर काही जळत नसतं, एवढंच.”

हौसा रडू लागली. मला वाटते, आपण खोटे बोलत नाही हे कोणीतरी म्हटल्याचे ते रडणे होते.

बाईंनी मला परत पाठवले आणि त्या तिथेच राहिल्या. स्वतः पाहिल्याशिवाय औषध देणार नाही, असे म्हणाल्या. पुढचा प्रसंग मला नंतर धोंडिबाने सांगितला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी हौसा दळायला बसली असता थांबली. ठकूबाईचा हात सवयीने फांदीकडे गेला. बाईंनी तो हात आपल्या हातात घेतला आणि तिला जवळ बसवून घेतले. नुसते बघा, कोणी काही करू नका, म्हणाल्या. हौसा चघळल्यासारखे करत होती, बोटे पदर चाचपत होती. बाईंनी हाक मारली, डोळ्यांपुढे हात हलवला, एक शब्द मोठ्याने सांगून तो लक्षात ठेवायला सांगितला. ती उठून दाराकडे निघाली तेव्हा बाई तिच्या बरोबरीने चालल्या, तिला न अडवता, फक्त चुलीकडे वळली तेव्हा आडव्या उभ्या राहिल्या. मग ती थांबली, इकडेतिकडे बघू लागली. कोणता शब्द सांगितला, असे बाईंनी विचारले. तिला शब्द माहीत नव्हता, आणि आपण जात्यापासून दारापर्यंत कसे आलो हेही माहीत नव्हते.

 मग ठकूबाईने विचारले, “म्हंजी ती मुद्दाम करत न्हाई?”

“नाही. आणि तिच्या अंगात कोणी दुसरंही नाही. मेंदूच्या एका कोपऱ्यात मधूनच वीज चमकते. लहानपणी कधी मोठा ताप आला असेल, तिथं व्रण राहिला असेल. त्या कोपऱ्यातून जे निघतं, ते तिचे हात-पाय करतात.”

“मेंढीवाणी?”

“बरंचसं तसं. पण हिला पाण्याची पिशवी नसावी. हिला औषध आहे.”

बरे होईलच, असे बाई म्हणाल्या नाहीत. ही त्यांची सवय साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. भोरला घेऊन जाते, रोज बघून गोळीचे माप ठरवावे लागेल, एवढे सांगितले. मूल अंगावर पीत होते, ते सोबत येणे भाग होते. ठकूबाई नातवाला सोडायला तयार नव्हती. सुनेला औषधाला न्यायला तिची ना नव्हती, पण हिच्या हाती मूल देऊन कसे पाठवू, हा तिचा प्रश्न होता. आज इतक्या वर्षांनी तो प्रश्न मला क्रूर वाटत नाही. मूल चुलीच्या कडेवरून तिनेच उचलले होते.

“मग तुम्हीही चला,” बाई म्हणाल्या.

अशा रीतीने सासू, सून आणि तान्हे मूल बाईंच्या भोरच्या घरी येऊन राहिले. आतल्या खोलीत गाऊन पाणी मागणारे नाना, माजघरात हे बिऱ्हाड, आणि ओसरीवर रोजचे रुग्ण. स्वयंपाक ठकूबाईने ताब्यात घेतला, ते बरेच झाले, कारण बाईंना जेवणाची आठवण राहत नसे, आणि राहिली तरी त्यांच्या हातचे पिठले मी एकदाच खाल्ले आहे.

फिटींवरच्या फेनोबार्बिटोनच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिले दिवस वाईट गेले. हौसा बसल्या जागी पेंगू लागली, चालताना तोल जाऊ लागला. पोर होती ती बी गेली, असे ठकूबाई मला म्हणाली आणि गाठोडे बांधू लागली. बाई त्या दिवसांत अत्यंत चिडक्या झाल्या होत्या; माझ्यावर, ठकूबाईवर, औषधाच्या दुकानावर. पण माप त्यांनी धीराने उतरवत आणले, वेळ बदलली, थोडे वाढवले. हळूहळू गुंगी गेली. वास येत राहिला, पण पुढचे होईना. मग वासही क्वचित येऊ लागला.

याच सुमारास मुंबईच्या एका रुग्णालयात मेंदूतल्या विजेचा आलेख काढणारे यंत्र आले. तिथले प्राध्यापक बाईंचे जुने सहकारी. त्यांनी हौसाला घेऊन यायला कळवले. वागणे आणि मेंदूचा एक विशिष्ट कोपरा यांचा संबंध कागदावर दिसला असता. वर्षानुवर्षे ज्याची वाट पाहिली ते बाईंच्या हाताशी आले होते. त्यावरचा निबंध परदेशी मासिकात छापला गेला असता. बाईंनी हौसाला सगळे समजावून सांगितले. डोक्याला तारा लावतील, दुखत नाही, औषधाने पडलेला फरक त्याने वाढणार नाही, पण पुढे इतरांच्या उपयोगी पडेल, असे सांगितले. हौसाने ऐकून घेतले. मग म्हणाली, “बाई, मला घरी जायचंय.”

बाईंनी प्राध्यापकांना येत नाही म्हणून कळवले. मला फार हळहळ वाटली आणि मी ती बोलून दाखवली. त्यांनी चष्मा पुसत मला उत्तर दिले. “मला आलेख हवा होता, डॉक्टर. तिला घर हवं होतं. दोन्ही एकदम होत नव्हतं.” तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

ती मंडळी घरी जाण्याच्या थोडे आधीचा, भोरच्या बाजाराचा दिवस होता. मी ओसरीवर बसलो होतो, बाई एका रुग्णाचे डोळे तपासत होत्या. माजघराचे दार उघडे होते. चुलीवर काहीतरी रटरटत होते, आणि ठकूबाई मुलाला कडेवर घेऊन उभी होती. बाजाराला जायची तयारी झाली होती, पण पाय निघत नव्हता. ती चुलीकडे बघे, हौसाकडे बघे. मग तिने मूल हौसाच्या मांडीवर ठेवले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि “येते गं,” म्हणून आमच्या समोरून पायऱ्या उतरून गेली. वळून पाहिले नाही. बाईंच्या हातातली बॅटरी रुग्णाच्या डोळ्यावर तशीच राहिली होती. त्याने बिचाऱ्याने बाई, झालं का, असे विचारले, तेव्हा त्या भानावर आल्या.  आत हौसा मुलाशी काहीतरी बोलत होती. डाळ उतू गेली नाही. काहीच झाले नाही, आणि ते काहीच न होणे पाहायला आम्ही किती दिवस थांबलो होतो.

पुढे भोंगवलीपासून वेल्ह्याच्या टोकापर्यंत लोक आपली ‘अंगात येणारी’, ‘भलतंच वागणारी’ माणसे बाईंकडे आणू लागले. सगळी बरी झाली असे लिहिले तर बाई हा लेख फाडून टाकतील. कित्येकांना गोळ्यांचा उपयोग झाला नाही. एका तरुणाच्या मेंदूत गाठ होती, तो गेला. पण दारात आलेल्या प्रत्येकाला बाईंनी तोच पहिला प्रश्न केला आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलल्या नाहीत. आम्ही सहकारी त्यांच्याकडून हेच शिकलो. माणूस जे करतो त्यामागे त्याच्या डोक्यात काय चालले असेल याची आधी चौकशी करावी, त्याला दोष देण्याची घाई करू नये. मी मुक्या जनावरांचा डॉक्टर. मला हे अधिक सोपे जायला हवे होते, तरी शिकायला बाईच लागल्या.

बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. चढण त्यांना अजूनही झेपत नाही आणि त्या अजूनही कबूल करत नाहीत. या ग्रंथासाठी लिहायचे ठरले तेव्हा मी मुद्दाम पासलीला जाऊन आलो. धोंडिबा थकला आहे. हौसा वेल्ह्याच्या बाजाराला एकटी जाऊन आली होती. पाठीवर मीठ-मिरचीचे गाठोडे, मागून मुलगा आणि त्याची धाकटी बहीण. गोळी रोज घेते. मधे एकदा नको वाटले म्हणून बंद केली, वास आला, तेव्हापासून चुकवत नाही. बाईंना काय निरोप सांगू, असे विचारले तर म्हणाली, आता वास आला तर आधी बघते, खरंच काय जळतंय का. बहुतेक वेळा भाकरीच असते.

ठकूबाईला आता नीट दिसत नाही. बाईंवर पुस्तक निघते आहे, त्यात लोक त्यांच्याविषयी चांगले लिहिणार आहेत, हे मी तिला समजावून सांगितले. 

“मग माजं बी लिवा,” ती म्हणाली. “लिवा, का त्यांनी माजी सून माज्या हातच्या मारातनं वाचवली.”

तिने सांगितले तसे लिहिले आहे. याहून मोठा गौरव करण्याची माझी योग्यता नाही. पूज्य यमुनाबाईंची प्रकृती ठणठणीत राहो, दृष्टी आणि हात असेच स्थिर राहोत, मासिके बोटीने न येता लौकर येवोत, आणि आमच्या डोंगरातली माणसे त्यांच्या ओसरीवर अजून पुष्कळ वर्षे बसून, न भिता, आपल्याला आधी काय होते ते सांगत राहोत.